चार साक्षी आणि एक पळस

एकाच वस्तूविषयी चार प्रामाणिक माणसांनी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, चार परस्परविरुद्ध वर्णने केली, तर तिघांना खोटे ठरविल्यावाचून चौथ्याला खरे मानता येते काय, किंवा चौघांनाही खरे मानून वस्तूचे एकत्व टिकविता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतील मुन्सफाचा अथवा कोडी सोडविण्याचा व्यासंग असलेल्या माणसाचा वाटतो. परंतु ज्या देशात ईश्वर, आत्मा आणि मोक्ष यांविषयीच्या साक्षी हजारो वर्षे एकमेकींशी झुंजत आल्या आहेत, त्या देशात धर्मजिज्ञासा करणाऱ्या प्रत्येकाला तो आज ना उद्या पडतोच. ऋषींनी पाहिले, बुद्धाने पाहिले, तीर्थंकरांनी पाहिले, संतांनी पाहिले, आणि एकाचे पाहणे दुसऱ्याच्या शब्दांशी जुळत नाही. अशा वेळी सर्वच भ्रमात होते असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, आणि सर्वच खरे होते असे म्हणून हात जोडणे तर त्याहूनही सोपे असते. हे दोन्ही मार्ग विचाराचा शीण टाळण्याचे आहेत, अशी माझी धारणा आहे. आणि तिसरा मार्ग कोणता हे पाली वाङ्मयातील एका कथेने मला जितके स्वच्छ दाखविले, तितके मोठमोठ्या प्रबंधांनीही दाखविलेले नाही.

जातकसंग्रहात २४८ व्या क्रमांकावर किंशुकोपम जातक आहे. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या चार पुत्रांनी एकदा सारथ्याला बोलावून, आम्हांला किंशुकाचे झाड पाहावयाचे आहे, असे सांगितले. सारथ्याने ते मान्य केले. मात्र चौघांना एकाच वेळी न नेता त्याने थोरल्याला झाड उघडे पडून त्यावर कोंभ फुटत होते तेव्हा, दुसऱ्याला ते पानांनी गच्च झाले होते तेव्हा, तिसऱ्याला फुलांच्या बहरात आणि चौथ्याला शेंगा धरल्यावर, असे निरनिराळ्या काळी अरण्यात नेले. पुढे कधीतरी चौघे बंधू एकत्र बसले असता किंशुक कसा असतो असा विषय निघाला. थोरला म्हणाला, जळक्या खोडासारखा. दुसरा म्हणाला, वडासारखा. तिसरा म्हणाला, मांसाच्या तुकड्यासारखा. चौथा म्हणाला, शिरीषासारखा. कोणाचे कोणाला पटेना, म्हणून चौघेही पित्याकडे गेले. राजाने साक्षीदार मोजले नाहीत, कोणाच्या शीलाची चौकशी केली नाही, की कोणाला शपथ घातली नाही. तो एवढेच म्हणाला की, तुम्ही चौघांनीही किंशुक पाहिला आहे. परंतु सारथी तो दाखवीत असता अमुक काळी हे झाड कसे असते आणि तमुक काळी कसे असते, हे त्याला विचारावयाचे तुम्हांला सुचले नाही, आणि म्हणूनच हा संशय उद्भवला.

किंशुक म्हणजे आपला पळस. वऱ्हाडातील आणि नागपूर-चांद्याकडील माळरानांवर ज्याने वर्षभर पळस पाहिला आहे, त्याला या चारही जबान्या पडताळून पाहता येतील. माघाच्या सुमारास पळसाची पाने झडतात, आणि वेड्यावाकड्या राखी फांद्यांच्या टोकांना काळपट, मखमली लव असलेल्या कळ्यांचे घोस धरतात. त्या दिवसांत दुरून पाहणाऱ्याला ते झाड वणव्यातून उरल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. फाल्गुनात त्याच काळ्या पुष्पकोशांतून वाकड्या चोचीच्या आकाराची केशरी-तांबडी फुले बाहेर पडतात, आणि पानांचा मागमूसही नसलेल्या फांदीवर तो रंग असा उघडा पडतो की, कच्च्या मांसाची उपमा ऐकावयास बीभत्स असली तरी ती खोटी म्हणता येत नाही. पुढे उन्हाळ्यात चपट्या, फिकट शेंगा लोंबू लागतात. प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी असते. आणि ज्याने शिरीषाच्या चपट्या शेंगा पाहिल्या आहेत, त्याला या झाडाकडे पाहून शिरीष आठवणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात मात्र पत्रावळींना उपयोगी पडणाऱ्या रुंद पानांनी तो इतका भरतो की, त्याच्या सावलीत बसलेल्याने वडाचे नाव घ्यावे. ‘पळसाला पाने तीनच’ ही आपली म्हण कुठेही गेले तरी पालटत नाही अशा गोष्टीसाठी वापरली जाते. पण ती म्हणसुद्धा पाहू गेल्यास दुसऱ्या राजपुत्राचीच साक्ष आहे, कारण फाल्गुनातल्या पळसाला तीन काय, एकही पान नसते.

मग चूक कोठे झाली? डोळ्यांनी दगा दिला नव्हता आणि जिभेनेही अनृत उच्चारले नव्हते. न्यायदर्शनावर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे अशा पुरुषाचे, जे लक्षण केले आहे, त्यात वस्तूचा साक्षात् अनुभव आणि तो जसा आला तसा सांगण्याची इच्छा या दोन गोष्टींना महत्त्व दिले आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने मोठ्या उदारपणे नमूद केले आहे. या कसोटीला चारही राजपुत्र उतरतात. दोष शिरला तो, किंशुक मला असा दिसला असे म्हणण्याऐवजी किंशुक असा असतो असे ते म्हणाले, त्या ठिकाणी. एका दिवसाचे दर्शन त्यांनी बारा महिन्यांच्या नावे खर्ची टाकले. प्रत्येकाच्या साक्षीतून काळ गळून गेला, आणि काळ गळताच चार सत्ये एकमेकांची वैरी झाली. म्हणून साक्षींचे कोडे सोडविणाराचे पहिले काम साक्षीदारांत निवड करण्याचे नसून, प्रत्येक साक्षीतून कोणते पद गळाले आहे ते शोधून पुन्हा जागच्या जागी बसविण्याचे आहे. तसे केल्यावरही जो विरोध शिल्लक राहतो, तोच खरा विरोध.

हा विचार केवळ कथाकाराचा नाही. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात विरोधाचा नियम मांडला, तेव्हा एकच धर्म एकाच वस्तूला एकाच वेळी आणि एकाच दृष्टीने लागू असणे व नसणे अशक्य आहे, असे त्याने म्हटले. त्यातील वेळेची आणि दृष्टीची ही दोन बंधने गाळली तर तो नियमच डळमळतो. आपल्याकडे जैन तार्किकांनी प्रत्येक विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी बांधून घेतले, आणि ‘स्यात्’ हे पद विधानाला संशयाची जोड देण्यासाठी नव्हे, तर त्याची मर्यादा उघड करण्यासाठी जोडले. सिद्धसेन दिवाकराने तर असे प्रतिपादिले की, प्रत्येक नय, म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एकेक दृष्टी, आपापल्या क्षेत्रात खराच असतो; तो मिथ्या होतो तो दुसऱ्या नयाचे खंडन करू लागल्यावर. राजपुत्रांचा झगडा याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. मात्र शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, या मतावर जो आक्षेप घेतला, तोही उपेक्षणीय नाही. शीत आणि उष्ण यांप्रमाणे परस्परविरुद्ध असलेले धर्म एकाच धर्मीवर एकाच वेळी संभवत नाहीत, आणि जे ज्ञान अनिश्चित आहे ते प्रवृत्तीला आधार होऊ शकत नाही, असे आचार्य म्हणतात. जैन उत्तर देतात की, आम्ही ते धर्म एकाच अपेक्षेने मानीतच नाही. मला वाटते, या वादात दोन्ही बाजूंचे आपल्यावर उपकार आहेत. कारण अपेक्षा शोधल्यावाचून विरोध ठरवू नये ही शिकवण आपल्याला जैनांकडून मिळते, आणि अपेक्षा दाखविता येत नसेल तर विरोध नाकारू नये हा इशारा आचार्यांकडून मिळतो.

तो इशारा किती आवश्यक आहे, हे दुसऱ्या एका झाडाच्या कथेवरून कळते. दानिएलाच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठात सुसान्नेची कथा आहे. रोमन कॅथलिक पंथ ती त्या ग्रंथाचा तेरावा अध्याय म्हणून वाचतो, तर प्रॉटेस्टंट पंथ तिला मूळ धर्मग्रंथाबाहेर ठेवतो. बॅबिलोनमधील योआकीम नावाच्या धनिक यहुद्याची पत्नी सुसान्ना हिच्यावर दोन वृद्ध न्यायाधीशांची पापदृष्टी गेली; तिने त्यांना झिडकारले, तेव्हा तिला बागेत एका तरुणाबरोबर व्यभिचार करताना आम्ही पाहिले, अशी फिर्याद त्यांनी लोकांपुढे रुजू केली. दोघे वृद्ध, दोघे प्रतिष्ठित, दोघांच्या जबान्या सारख्या. सभेने तिला देहान्ताची शिक्षा फर्माविली. तिला वधस्थानाकडे नेत असता दानिएल नावाचा तरुण पुढे झाला आणि त्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवावयास सांगून त्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एकाने सुगंधी डिंकासाठी प्रसिद्ध असलेल्या मस्तकीच्या झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने ओकचे. निवाडा तेथेच झाला. सुसान्ना सुटली आणि तिच्यासाठी ठरलेली शिक्षा त्या दोघांनी भोगली.

आता या दोन कथा शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींत प्रश्न झाडाचा आहे आणि दोन्हींत उत्तरे विसंगत आहेत. पण एकीत विसंगतीमुळे सर्वांचे सत्य सिद्ध होते आणि दुसरीत तिच्यामुळेच असत्य उघडकीस येते. राजपुत्रांना लावलेला न्याय त्या वृद्धांना का लावू नये? कारण त्यांच्या साक्षींतून कोणतेही पद गळालेले नव्हते. प्रसंग एक, घटका एक, बाग एक, असे त्यांचेच म्हणणे होते. त्या म्हणण्यात दोन झाडांना जागा देणारी कोणतीही अपेक्षा उरत नाही. आणखी एक भेद याहून सूक्ष्म आहे. राजपुत्र मुख्य गोष्टीतच भांडत होते, कारण त्यांनी आपसात काही ठरविले नव्हते. वृद्ध मुख्य गोष्टीत अक्षरशः एकमुखी होते, कारण तेवढेच त्यांनी ठरविले होते, आणि जे ठरवावयाचे राहिले तेथे ते फुटले. रचलेल्या साक्षीचा मेळ पढविलेल्या भागात असतो. पाहिलेल्या साक्षीचा मेळ वस्तूत असतो, तो साक्षीदारांना स्वतःला ठाऊकही नसतो.

तथापि दानिएलाच्या कसोटीवरही एक रास्त तक्रार करता येते. वनस्पतींची ओळख नसलेला सज्जन साक्षीदार झाडाच्या नावात चुकणारच नाही काय? ही अडचण यहुदी धर्मशास्त्रकारांच्या ध्यानात आली होती असे दिसते. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेतील सनहेद्रिन नामक प्रकरणात साक्षीदाराला विचारावयाचे ७ प्रश्न दिले आहेत, आणि ते कोणत्या सप्तवार्षिक आवर्तनात, कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, महिन्याच्या कितव्या दिवशी, कोणत्या वारी, कोणत्या तासाला आणि कोणत्या जागी, असे आहेत. सातांपैकी ६ काळाविषयी आणि १ स्थळाविषयी. राजपुत्र जे विचारावयाचे विसरले, नेमके तेच या शास्त्राने साक्षीच्या उंबरठ्यावर ठेवले. पुढे त्याच प्रकरणात असे सांगितले आहे की, एकाने महिन्याचा दुसरा दिवस सांगितला व दुसऱ्याने तिसरा सांगितला तर साक्ष बाद होत नाही, कारण महिन्याला एक दिवस वाढविल्याचे एकाला ठाऊक असेल आणि दुसऱ्याला नसेल. परंतु एकाने दिवसाचा पाचवा तास सांगितला आणि दुसऱ्याने सातवा, तर साक्ष रद्द होते. कारण पाचव्या तासाला सूर्य पूर्वेस असतो आणि सातव्याला पश्चिमेस. अंतर दोन्हीकडे अल्पच आहे. पण पहिली चूक प्रामाणिक माणसाच्या हातून होऊ शकते, आणि दुसरी, ज्याने आकाशाकडे पाहिले आहे त्याच्या हातून होऊ नये. विसंगती किती आहे यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे हे पाहण्याचा हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या स्मृतिकारांनी साक्षीविरोधाचा निर्णय निराळ्या रीतीने केला. मिताक्षरेमुळे महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण ठरलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीत असे आहे की, साक्षीदारांत द्वैध उत्पन्न झाले तर बहुतांचे वचन घ्यावे, संख्या समान असेल तर गुणवंतांचे, आणि गुणवंतांतही द्वैध असेल तर अधिक गुणवंतांचे. मराठेशाहीत गोतसभेपुढे वादी-प्रतिवादींचे करीने लिहून घेतले जात, साक्षीदारांच्या जबान्या होत आणि निवाड्याचा महजर करून देण्यात येई. परंतु साक्षीपुराव्याने कज्जा तुटेना असे झाले म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाच्या रवादिव्यापर्यंत मजल जाई. न्यायसभेला हे करावे लागते, कारण तिला निकाल द्यावाच लागतो; वतनाचा मालक कोण हे अनिश्चित ठेवून गाव चालत नाही. परंतु बहुमताचा हाच दंडक पळसाला लावून पाहावा. तिघे बंधू माघात गेले असते आणि धाकटा एकटा श्रावणात, तर पळसाला पाने नसतात असा निर्णय तीन विरुद्ध एक अशा मताधिक्याने झाला असता, आणि तो शास्त्रशुद्ध असूनही असत्य ठरला असता. सत्याच्या शोधात घाईने दिलेल्या निकालापेक्षा वर्षभराची तहकुबी श्रेयस्कर असते. धर्मजिज्ञासेत तर ती तहकुबी सबंध आयुष्याची असू शकते.

या कथेचे धार्मिक प्रयोजन मुळातच आहे. संयुत्तनिकायातील किंशुकोपम सुत्तात एक भिक्षू, भिक्षूचे दर्शन कशाने विशुद्ध होते, हा प्रश्न घेऊन चौघांकडे जातो. एक म्हणतो, सहा स्पर्शायतनांचा उदय व अस्त जाणल्याने; दुसरा पाच उपादानस्कंधांचे नाव घेतो; तिसरा चार महाभूतांचे; आणि चौथा म्हणतो, जे जे उत्पन्न होते ते ते निरोध पावते एवढे जाणल्याने. उत्तरे जुळत नाहीत म्हणून असमाधानी झालेला तो भिक्षू बुद्धाकडे येतो, तेव्हा बुद्ध त्याला किंशुकाचा दृष्टान्त देऊन सांगतो की, त्या सत्पुरुषांचे दर्शन ज्या ज्या रीतीने विशुद्ध झाले, ती ती रीत त्यांनी तुला सांगितली. येथे एक नवे पद जोडले गेले. झाडाच्या बाबतीत काळ गळाला होता; साधनेच्या बाबतीत साधक स्वतःच गळाला होता. त्याला जोडूनच बुद्ध सहा दरवाजांच्या सीमावर्ती नगराचे वर्णन करतो: निरनिराळ्या दिशांनी शीघ्रगामी दूतांच्या जोड्या येतात, द्वारपालाला नगराच्या स्वामीचा ठावठिकाणा विचारतात, चव्हाट्यावर बसलेल्या त्या स्वामीला यथाभूत निरोप पोचवितात आणि आल्या वाटेने परततात. वाटा अनेक असल्या तरी निरोप यथाभूत असला पाहिजे, ही अट बुद्धाने सोडलेली नाही. आणि दारावर चतुर द्वारपाल बसविला आहे, तो ओळखीच्यांनाच आत सोडतो आणि अनोळखी माणसाला अडवितो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नामदेवरायांचे (१२७०–१३५०) चरित्र परंपरा जसे सांगते, त्यात एकच साक्षीदार झाडाकडे दोनदा जातो. पंढरीच्या विठ्ठलमूर्तीशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या नामदेवांना संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखून कच्चे मडके ठरविले. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपाशी त्यांना देवावाचून रिती अशी जागाच नाही, हा बोध झाला. हा बोध झाल्यावर पहिली साक्ष त्यांनी मागे घेतली असती, तर ते विरोधाचे उदाहरण झाले असते. तसे झाले नाही. पंजाबात घुमानपर्यंत ज्यांची वाणी पोचली आणि ज्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, ते नामदेव वारकऱ्यांच्या लेखी अखेरपर्यंत पंढरीचेच राहिले, आणि महाद्वारातील पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सगुणाची साक्ष खोटी नव्हती; तेवढीच साक्ष पुरी आहे, हा समज खोटा होता.

परंतु एवढ्यावरून सर्व धर्ममते अंती एकच आहेत असा सिद्धान्त काढणारांशी मी सहमत होऊ शकत नाही. मृत्यूनंतर जीव पुन्हा देह धारण करतो असे एक धर्म म्हणतो आणि मनुष्याला एकच जन्म आहे असे दुसरा म्हणतो. जगाला कर्ता आहे असे एक म्हणतो आणि नाही असे दुसरा. येथे कोणता काळ, कोणते क्षेत्र, कोणती अपेक्षा जोडली असता दोन्ही विधाने शेजारी नांदतील, हे कोणी दाखवून दिले तर मी आनंदाने ऐकेन. पण दाखविल्यावाचून केलेला समन्वय म्हणजे ओक आणि मस्तकी हे एकच झाड आहे असे भिडेखातर म्हणण्यासारखे आहे. त्यात सुसान्नेचा जीव जातो. उदानातील जन्मांध आणि हत्ती यांची प्रसिद्ध कथाही, ते सर्व अंध बरोबर होते असे सांगण्यासाठी आलेली नाही. अवयव चाचपून संपूर्ण हत्तीविषयी मुष्टियुद्ध करणाऱ्यांचे अज्ञान दाखविण्यासाठी ती आली आहे. ब्रह्मदत्ताचा समन्वय आदरणीय आहे, कारण तो पडताळता येतो: ज्याला शंका असेल त्याने चार ऋतूंत चारदा अरण्यात जावे. आणि जेथे असा पडताळा आपल्या हाती नाही, तेथे दोघांपैकी एक तरी चुकला आहे, कोण ते आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही, असे सरळ म्हणण्यात कोणत्याही धर्माचा अपमान नाही. एखाद्याचे म्हणणे खरे की खोटे असा प्रश्न विचारण्याइतके गंभीरपणे घेणे, हाच त्याचा खरा सन्मान होय.

यातून मला जे कर्तव्य निष्पन्न होताना दिसते, ते दुसऱ्याच्या साक्षीपेक्षा स्वतःच्या साक्षीविषयी अधिक आहे. दुसऱ्याच्या विधानाला मर्यादा जोडण्यास आपण सर्वच तत्पर असतो; त्याला तो काळ तसा दिसला, त्याची वाट निराळी होती, असे म्हणताना आपला स्वर औदार्याचा असतो आणि आपले स्वतःचे विधान मात्र बारमाही राहते. हे औदार्य नव्हे. मी कोणत्या ऋतूत गेलो होतो, मला कोणी नेले, मी किती वेळ थांबलो, आणि कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, हे जो आपल्या श्रद्धेच्या जबानीत स्वतःच्या हाताने लिहितो, त्याची श्रद्धा त्यामुळे उणी होत नाही. उलट ती दुसऱ्याला तपासता येण्याजोगी आणि म्हणून दुसऱ्याच्या उपयोगाची होते. अशा चार माणसांत मतभेद झाला तर त्यांना राजाकडे जाण्याचे कारण पडणार नाही, कारण तो सोडविण्यास लागणारे सर्व पुरावे त्यांनी आपल्या साक्षीतच दाखल केलेले असतील. आणि तरीही जो मतभेद उरेल, तो लपविण्याची गरज त्यांच्यापैकी कोणालाही वाटणार नाही.